पृथ्वीच्या पहाऱ्याची कथा

इ. स. १८२१ च्या हिवाळ्यात लॉर्ड बायरन हा इंग्रज कवी इटलीतील पिसा शहरी राहत होता. हिंदुस्थानात इंग्रजी घोडदळाची चाकरी करून परतलेला टॉमस मेडविन नावाचा एक गृहस्थ त्याच्याकडे गप्पांना जाई आणि ऐकलेले टिपून ठेवी. बायरन १८२४ साली वारला आणि त्याच वर्षी मेडविनने ही टिपणे छापून काढली. त्यांत एके ठिकाणी धूमकेतूचा विषय निघतो. पृथ्वीचा नाश करण्यासाठी एखादा धूमकेतू चाल करून आला, तर वाफेच्या यंत्रांच्या बळावर माणसे डोंगर मुळासकट उपटतील आणि पुराणांतल्या राक्षसांप्रमाणे ते त्याच्यावर भिरकावतील, असे कशावरून होणार नाही, असा बायरनच्या बोलण्याचा आशय होता. आमच्या माहितीत, आकाशातून येणाऱ्या संकटावर उलट प्रहार करण्याची ही सर्वांत जुनी कल्पना होय.

ही गप्पांच्या ओघातली लहर असली तरी तिच्यातला पालट लहान नाही. त्यापूर्वी हजारो वर्षे धूमकेतू हे अरिष्टाचे चिन्ह होते. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत केतूंवर स्वतंत्र अध्याय आहे. कोणता केतू दिसला असता कोणत्या प्रदेशाला काय भोगावे लागेल हे त्यात सांगितले आहे. चिन्हाची शांती करता येते. त्याला धोंडा मारता येत नाही. बायरनच्या काळी वाफेच्या यंत्राने खाणींतले पाणी उपसले जात होते आणि गिरण्या चालत होत्या. त्या यंत्राकडे पाहून एका कवीला प्रथमच वाटले की धूमकेतू ही आपल्यासारखीच एक जड वस्तू आहे, आणि जड वस्तू ढकलता येते. हा विचार ज्योतिषशास्त्रज्ञांच्या आधी कवीला का सुचावा? आमचे उत्तर असे की, शास्त्रज्ञांना तोवर शत्रूच दिसला नव्हता.

पहिला लघुग्रह सेरेस हा सिसिलीतील पालेर्मो येथे पियाझीला १ जानेवारी १८०१ रोजी सापडला. पण तो आणि त्याच्यामागून सापडलेले त्याचे भाऊबंद मंगळ व गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात फिरणारे. पृथ्वीच्या वाटेला ते जात नाहीत. मंगळाच्या कक्षेच्या आत शिरणारा एरॉस १८९८ साली सापडला, आणि पृथ्वीची कक्षा ओलांडणारा अपोलो १९३२ साली. १९३७ च्या ऑक्टोबरात हायडेलबर्गच्या राइनमुटने टिपलेला हर्मीस तर चंद्राच्या अंतराच्या दुपटीहूनही जवळून निघून गेला आणि पाच दिवसांत दिसेनासा झाला. त्याची कक्षा नीट बसवता आली नाही. तो पुन्हा सापडला २००३ साली! मधली सहासष्ट वर्षे तो आमच्या आसपास घिरट्या घालीत होता आणि कोठे आहे हे कोणालाही सांगता येत नव्हते.

जमिनीवरच्या खुणांचीही तीच गत. अमेरिकेतील ॲरिझोनाचे प्रसिद्ध विवर १८९१ साली गिल्बर्ट या मोठ्या भूशास्त्रज्ञाने पाहिले आणि जमिनीखालच्या वाफेच्या स्फोटाने ते झाले असा निर्णय दिला. ते अशनीच्या आघाताचे आहे हे शूमेकर याने १९६० साली निर्विवाद सिद्ध केले. आमचे बुलढाणा जिल्ह्यातील लोणारही दीर्घकाळ ज्वालामुखीच्याच खात्यावर मांडलेले होते. सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे हे विवर आघाताने पडले याचा भक्कम पुरावा १९७३ साली प्रसिद्ध झाला. लोणारला देवदर्शनाला जाणाऱ्या पिढ्यांनी ज्या कड्यावरून खाली पाहिले, तो कडा ह्या कथेचाच पुरावा होता.

आता आपण १९६७ च्या वसंत ऋतूत येऊ. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत पॉल सँडॉर्फ हे प्राध्यापक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा वर्ग घेत होते. वर्गाला एखादा मोठा प्रकल्प सोडवायला द्यायचा असे. त्या वर्षी त्यांनी प्रश्न घातला तो असा: इकारस हा लघुग्रह पुढल्या वर्षीच्या जूनमध्ये पृथ्वीजवळून जाणार आहे. तो जवळून न जाता पृथ्वीवर आदळणार आहे असे समजा. हाताशी सव्वा वर्ष आहे. काय कराल?

इकारस खरा होता. बाडे याने तो १९४९ साली पालोमार येथे शोधला होता आणि त्याचा व्यास एक किलोमीटरहून अधिक मानला जात होता. खोटे होते ते एवढेच, की तो आदळणार आहे. विद्यार्थ्यांनी ह्या एका खोट्यावर सगळे खरे हिशेब रचले. चंद्रावर माणूस नेण्यासाठी सॅटर्न-५ हे प्रचंड अग्निबाण बांधले जात होते. त्यांतले सहा वळवून घ्यावेत, प्रत्येकावर शंभर मेगाटनांचा अणुबाँब चढवावा, ते एकामागून एक सोडावेत आणि इकारसच्या अंगाशी त्यांचा स्फोट करावा, अशी त्यांची योजना ठरली. गंमत अशी की, वर्ग चालू होता तेव्हा सॅटर्न-५ एकदाही उडालेला नव्हता. त्याचे पहिले उड्डाण ९ नोव्हेंबर १९६७ चे. शंभर मेगाटनांचा बाँब तर कोणीच उडवलेला नव्हता. रशियाने १९६१ साली केलेला सर्वांत मोठा स्फोट सुमारे पन्नास मेगाटनांचा होता. प्रत्यक्षात १४ जून १९६८ रोजी इकारस सुमारे ६३ लाख किलोमीटरांवरून निमूटपणे निघून गेला आणि रडारने टिपलेला पहिला लघुग्रह म्हणून त्याची नोंद झाली. पण वर्गाचा अहवाल पुस्तकरूपाने निघाला आणि त्यावरून पुढे १९७९ साली ‘मीटिऑर’ हा चित्रपटही झाला. वर्गातला गृहपाठ आणि अद्भुतकथा यांच्यातली भिंत येथे पडली असे आम्ही मानतो.

१९७३ साली, म्हणजे लोणारचा निकाल लागला त्याच वर्षी, आर्थर क्लार्क यांची ‘राँदेव्हू विथ रामा’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्या आरंभी २०७७ सालच्या ११ सप्टेंबरला उत्तर इटलीवर एक अशनी कोसळतो. पादुआ आणि व्हेरोना नष्ट होतात, व्हेनिस समुद्रात जाते. त्यानंतर माणसे शहाणी होऊन आकाशावर पहारा बसवतात आणि त्या योजनेला ‘स्पेसगार्ड’ म्हणतात. पुढे १९८० साली आल्व्हारेझ पितापुत्रांनी साडेसहा कोटी वर्षांपूर्वी डायनोसॉर नाहीसे झाले ते अशनीच्या आघाताने, असे प्रतिपादन केले. अमेरिकी काँग्रेसच्या सूचनेवरून नासाने आकाशपाहणीचा अहवाल १९९२ साली तयार केला, तेव्हा त्या योजनेला नाव दिले ‘स्पेसगार्ड’. ते क्लार्क यांच्या कादंबरीतलेच. दोन वर्षांनी, जुलै १९९४ मध्ये, शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे वीसहून अधिक तुकडे एकामागून एक गुरूवर आदळताना साऱ्या जगातल्या दुर्बिणींनी पाहिले. मग मात्र ह्या विषयाला कोणी हसले नाही.

मराठी वाचकाला ही कथा परकी नाही. जयंत नारळीकरांच्या ‘धूमकेतू’ ह्या कथेत एका हौशी बंगाली निरीक्षकाला सापडलेला धूमकेतू पृथ्वीच्या वाटेवर निघतो. केंब्रिजला शास्त्रज्ञांची गुप्त बैठक भरते. अणुस्फोटके घेऊन यान पाठवले जाते. आणि इकडे शोधकर्त्याच्या घरी मंडळी शांतियज्ञ मांडून बसतात. वराहमिहिर आणि बायरन यांना एका छपराखाली आणणारी ही गोष्ट आहे, आणि तिचा विनोद आम्हांस फार आवडतो. पण तीत एक गोष्ट इतर कथांसारखीच आहे: बातमी लपवली जाते. शहाण्या चारचौघांनी दार लावून ठरवायचे आणि संकट टळल्यावर लोकांना सांगायचे.

अशा कथांत वेळही फार थोडा असतो. १९९८ च्या ‘आर्मागेडन’ चित्रपटात तर अठराच दिवस! नाट्याला हे सोयीचे असले तरी गणित नेमके उलटे आहे. लघुग्रहाची गती सेकंदाला एका सेंटिमीटरने बदलली तर साध्या गुणाकाराने दहा वर्षांत तो तीन हजारांहून अधिक किलोमीटर सरकतो. कक्षेचा फेरा बदलतो तो परिणाम धरला तर त्याच्या सुमारे तिप्पट. पृथ्वीची त्रिज्या आहे ६,३७१ किलोमीटर. म्हणजे दहा वर्षे आधी कळले तर मुंगीच्या चालीइतका धक्का पुरतो, आणि अठरा दिवस आधी कळले तर काहीच पुरत नाही. रशियातील चेल्याबिन्स्कवर १५ फेब्रुवारी २०१३ रोजी फुटलेला सुमारे वीस मीटरांचा अशनी सूर्याच्या बाजूने आला. त्याची एक क्षणही पूर्वसूचना नव्हती. सुमारे दीड हजार माणसे जखमी झाली, बहुतेक खिडक्यांच्या काचांनी. तेव्हा पहाऱ्याचे खरे काम म्हणजे यादी करणे. पृथ्वीजवळ येणारे ३५ हजारांहून अधिक लघुग्रह आजवर नोंदले गेले आहेत. परंतु १४० मीटरांहून मोठे जे आहेत त्यांतले निम्मेही २०२५ पर्यंत सापडलेले नव्हते.

धक्क्याचा प्रयोगही झाला. २४ नोव्हेंबर २०२१ रोजी निघालेले नासाचे डार्ट हे यान २६ सप्टेंबर २०२२ रोजी, आमच्याकडे २७ तारखेची पहाट उजाडण्यापूर्वी, सेकंदाला सहा किलोमीटरांच्या वेगाने डिमॉर्फॉस ह्या सुमारे १६० मीटरांच्या गोट्यावर आदळले. डिडिमॉस ह्या मोठ्या लघुग्रहाभोवती हा गोटा ११ तास ५५ मिनिटांत फिरे. ही फेरी ७३ सेकंदांनी जरी बदलली तरी प्रयोग यशस्वी समजायचा, असे आधी ठरले होते. ती बदलली सुमारे ३२ मिनिटांनी. आघाताने उडालेल्या दगडमातीच्या फवाऱ्याने उलट रेटा दिला आणि धक्का वाढला. बायरनचा डोंगर अखेर भिरकावला गेला. तो अवघा सुमारे पावणेसहाशे किलोंचा होता.

येथवर ही प्रगतीची कथा झाली. परंतु ढकलता येते हे सिद्ध झाले की कोठे ढकलायचे हा प्रश्न उभा राहतो. जी विद्या लघुग्रह पृथ्वीपासून दूर सारू शकते, तीच तो पृथ्वीकडे वळवूही शकते, असा इशारा कार्ल सेगन आणि स्टीव्हन ऑस्ट्रो यांनी १९९४ सालीच दिला होता. त्याहून अवघड गोष्ट अशी की, लघुग्रह कोठे पडेल याची शक्यता पृथ्वीवर एका लांब, अरुंद पट्ट्यात पसरलेली असते. धक्का दिला की पडण्याची जागा ह्या पट्ट्यावरून सरकू लागते. धक्का पुरा बसला तर ती पृथ्वीबाहेर जाते. अर्धवट बसला तर एका देशावरून दुसऱ्या देशावर.

शास्त्रज्ञ आता ह्याच्याही कथा रचतात. दर दोन वर्षांनी भरणाऱ्या त्यांच्या परिषदेत एक काल्पनिक लघुग्रह मांडला जातो आणि जमलेली मंडळी जणू तो खराच आहे असे समजून निर्णय घेतात. सँडॉर्फ यांचा वर्गच तो, फक्त विद्यार्थी वयाने मोठे. २०१५ साली रोमजवळ फ्रास्काती येथे झालेल्या अशा खेळात मुख्य धोंडा वळवता आला, पण त्याचा सुमारे ऐंशी मीटरांचा तुकडा सुटला आणि तो बांगलादेशात ढाक्याजवळ पडणार असे निघाले. २०१९ च्या खेळात अमेरिकेतले डेन्व्हर शहर वाचवले आणि सुटलेला तुकडा न्यूयॉर्कवर गेला. त्यावर अणुबाँब टाकावा की नाही याबद्दल एकमत झाले नाही. अवकाशात अणुस्फोट करण्यास १९६३ च्या करारानुसार बंदी आहे. डेन्व्हर आणि न्यूयॉर्क एकाच सरकारच्या हाती आहेत. ढाक्याच्या माणसाने कोणाला जाब विचारायचा होता?

खेळातले हे दृश्य प्रत्यक्षाच्या अगदी जवळ येऊन गेले. २७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीतील दुर्बिणीला ‘२०२४ वायआर४’ हा लघुग्रह दिसला. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता वाढत वाढत १८ फेब्रुवारी २०२५ रोजी ३.१ टक्क्यांवर गेली. संभाव्य पट्टा प्रशांत महासागरापासून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, आफ्रिका, अरबी समुद्र असा येऊन दक्षिण आशियात शिरत होता. कथांतल्याप्रमाणे कोणी दार लावले नाही. आकडे रोज प्रसिद्ध होत होते. महिना संपता संपता नवे वेध आले आणि शक्यता जवळजवळ शून्यावर उतरली. संयुक्त राष्ट्रांच्या शिफारशीवरून ह्या कामासाठी दोन मंडळे स्थापन झाली आहेत. एक धोक्याची सूचना देते, दुसरे उपाय सुचवते. ती तीन टक्क्यांची शक्यता घटण्याऐवजी वाढली असती, तर धक्का द्यावा की न द्यावा, दिला तर पट्ट्याच्या कोणत्या टोकाकडे, हे ठरवण्याचा अधिकार त्या दोहोंपैकी एकाकडेही नव्हता.