दंतवैद्यकातील क्ष-किरण: सावधगिरीचा इतिहास

विल्हेल्म रोंटगेन यांनी १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरणांचा शोध लावला आणि त्याची वार्ता पसरताच, जानेवारी १८९६ मध्ये, जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथील दंतवैद्य ओटो वाल्खॉफ यांनी स्वतःच्याच दाढांचे क्ष-किरण छायाचित्र काढवून घेतले. त्यासाठी काळ्या कागदात व रबरात गुंडाळलेली काच तोंडात धरून त्यांना २५ मिनिटे किरणांसमोर निश्चल राहावे लागले. मुळांभोवतीचे हाड आणि दातांमधील फटीत लपलेली कीड जिवंत माणसात पाहता येणे हा लाभ इतका मोठा होता की धोक्याचा विचार मागे पडला.

त्याची किंमत प्रथम वैद्यांनीच मोजली. सुरुवातीच्या नळ्यांतील वायूचा दाब बदलत राहिल्याने किरणांची तीव्रताही बदले, आणि ती जोखण्यासाठी न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स नळीसमोर आपलाच हात धरीत. पुढे त्या हाताला कर्करोग झाला, अनेक शस्त्रक्रियांत बोटे व अखेर हातही गमवावा लागला, आणि १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. हे सर्व टळू शकले असते, ही गोष्ट अधिक वेदनादायक आहे. कारण बॉस्टनचे दंतवैद्य विल्यम रॉलिन्स यांनी १९०१ मध्येच गिनीपिगवरील प्रयोगांतून हे किरण जीव घेऊ शकतात असे दाखवले होते, आणि नळी किरण अडवणाऱ्या पेटीत बंद करावी, तपासावयाच्या भागापुरताच झोत पडू द्यावा व उरलेले शरीर झाकावे, असे सुचवले होते. समकालीनांनी त्यांच्याकडे फारसे लक्ष दिले नाही.

१९१३ मध्ये विल्यम कूलिज यांनी तयार केलेल्या नळीमुळे किरणांवर नेमके नियंत्रण आले, पुढे अधिक संवेदनशील फिल्म आली आणि १९८० च्या दशकात फिल्मच्या जागी डिजिटल संवेदक आला. मिनिटांचे काम सेकंदाच्या अंशावर आले. शरीराला मिळणारी किरणमात्रा सिव्हर्ट या एककात मोजतात. निसर्गातूनच प्रत्येकाला वर्षाकाठी सरासरी सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे २,४०० मायक्रोसिव्हर्ट, मात्रा मिळते, तर एक-दोन दातांच्या लहान छायाचित्रातून साधारणतः काहीच मायक्रोसिव्हर्ट मिळतात. जबड्याच्या त्रिमितीय सीटी तपासणीची मात्रा मात्र याहून पुष्कळ अधिक असते, म्हणून दोन्हींना एकाच मापाने मोजणे चूक ठरते. झोत आता इतका आटोपशीर झाला आहे की २०२४ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनने शिशाचा एप्रन सरसकट वापरण्याची गरज नाही अशी शिफारस केली. रॉलिन्स यांच्या दुसऱ्या सूचनेने तिसरीचे काम बरेचसे उरकले, असेच म्हणावे लागेल.

भारतात अशी यंत्रे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियंत्रणाखाली येतात. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाचे मुख्यालय मुंबईत आहे. तरीही छायाचित्र खरोखर हवे आहे का, हे यंत्र ठरवत नाही. त्यामुळे रुग्णाने जुनी छायाचित्रे सोबत न्यावीत, गर्भारपण असल्यास आधीच सांगावे, आणि या छायाचित्रामुळे उपचारात काय ठरणार आहे, हे दंतवैद्याला निःसंकोच विचारावे.