पंख्याची उंची

वारंगा फाट्यावर बसून कोणी नौकांचा इतिहास सांगू लागला, तर वाचकांना ते थोडे विपरीतच वाटेल. नांदेडहून आलेला रस्ता येथे दुभंगतो. एक वाट हदगावावरून नागपूरकडे जाते, दुसरी कळमनुरी-हिंगोलीवरून अकोल्याकडे. समुद्राचा वाराही या बाजूला फिरकत नाही. परंतु ज्या विषयावर मी लिहिणार आहे त्याची किल्ली मला अशा फाट्यावरच सापडते. मालमोटारीचे चाक काढताना गॅरेजमधला पोरगा जो हायड्रोलिक जॅक लावतो, त्याचाच एक भाऊबंद आज लहान मोटारहोडीच्या पिछाडीला जाऊन बसला आहे. तेथे तो होडी उचलीत नाही. होडीला ढकलणारे यंत्र तेवढे वरखाली करतो.

हे कशासाठी? नौकेला पुढे रेटणारे चाक किंवा पंखा पाण्यात नेमका किती खोल असावा, हा प्रश्न यंत्राच्या नौकेइतकाच जुना आहे. वल्हे मारणाऱ्याला तो कधी पडला नाही, कारण त्याचा हात दर खेपेला आपोआप उत्तर देतो. यंत्राला हात नाही. कारखान्यात जेथे बसवले तेथे ते बसून राहते; आणि नौकेचे ओझे मात्र रोज बदलते.

या अडचणीचा एक ठळक दाखला आपल्या मुंबईतच घडला. 1829 साली मुंबईच्या गोदीत ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट पाण्यात उतरली. वाडिया घराण्यातील नवरोजी जमशेटजी हे तिचे बांधणारे. दोन्ही अंगांना मोठी चाके, ऐंशी-ऐंशी अश्वशक्तीची दोन एंजिने. विलायतेची टपाल आफ्रिकेला वळसा घालून येण्यात महिनेच्या महिने जात. ते तांबड्या समुद्रातून वाफेच्या जोरावर आणता येईल काय, हे या बोटीला सिद्ध करून दाखवायचे होते. 20 मार्च 1830 रोजी कमांडर जॉन विल्सन तिला घेऊन सुवेझकडे निघाला.

पहिला मुक्काम एडन, आणि ती मजल अकरा दिवसांची. बोट बांधली होती त्याच्या निम्म्या दिवसांपुरता कोळसा मावेल अशा बेताने! मग मिळेल त्या जागेत कोळसा भरला, आणि बोट पाण्याच्या काठोकाठ दबली. चाक असे बुडाले म्हणजे काय होते, ते पाहण्याजोगे आहे. चाकाची फळी पाण्यात शिरताना पाणी मागे सारण्याऐवजी खाली दाबते, आणि बाहेर येताना ते वर उपसते. एंजिन घाम गाळते, बोट रखडते. मजलेच्या शेवटी कोळसा जळून गेला की बोट हलकी होऊन वर येते आणि तेच चाक पाण्याला वरवर चापट्या मारू लागते. म्हणजे चाकाची योग्य खोली साऱ्या प्रवासात मधल्या काही दिवसांपुरतीच साधायची. विल्सनच्या हाती चाक उचलण्याचे एकच साधन होते: कोळसा जाळणे. ‘ह्यू लिंडसे’ 22 एप्रिलला सुवेझला पोचली. टपालाचा मार्ग सिद्ध झाला. चाकाचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

पुढे मळसूत्री पंखा आला. तो पिछाडीला पाण्याखाली राहतो, त्यामुळे ओझ्याच्या चढउताराची त्याला चाकाइतकी झळ पोचत नाही. पण शीड लावून चालताना हाच पंखा लोढण्यासारखा मागे ओढू लागला. म्हणून 1860 साली पाण्यात उतरलेल्या इंग्रजांच्या ‘वॉरियर’ या युद्धनौकेवर पंखा वर ओढून घेण्याची सोय ठेवली होती; त्याला शेकडो खलाशांचे दंड लागत.

दंडांच्या जागी दुसरे बळ त्यापूर्वीच सिद्ध झाले होते. कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्वत्र सारखाच पोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकात सांगितले. 1795 साली ब्रामा या इंग्रज कारागिराने त्यावरून दाबयंत्राचे पेटंट घेतले. लहान दट्ट्या दाबावा, मोठा दट्ट्या डोंगर उचलील. ‘ग्रेट ईस्टर्न’ हे अवाढव्य जहाज थेम्सच्या काठी अडून बसले, तेव्हा अशाच दाबयंत्रांनी रेटून 31 जानेवारी 1858 रोजी ते तरंगते केले. चाके आणि पंखा दोन्ही अंगावर बाळगणारे हे जहाज 1870 साली मुंबईला आले आणि येथून एडनपर्यंत समुद्रतळाशी तार टाकीत गेले. ज्या वाटेवर ‘ह्यू लिंडसे’ कोळशाखाली दबून धापा टाकीत गेली होती, ती वाट चाळीस वर्षांनी तारेने काही मिनिटांवर आली!

मोठ्या जहाजांकडून आता होडीकडे येऊ. 1881 साली त्रूव्हे या फ्रेंच कल्पकाने सीन नदीवर विजेची, काढता-घालता येणारी मोटर होडीच्या सुकाणूला जोडली. 1909 साली अमेरिकेत ओले एव्हिन्रूड याने पेट्रोलची दीड अश्वशक्तीची मोटर विक्रीस आणली. होडीच्या मागच्या फळीला शिकंजाने अडकवायची ही बाहेरची मोटर. सोय मोठी, पण जुना प्रश्न पुन्हा उभा. पिछाडीची फळी पंधरा इंची की वीस इंची, यावर पंख्याची खोली एकदाच ठरून गेली.

पंखा फार खाली असला तर मोटरीचा खालचा दांडा पाणी कापण्यातच बळ घालवतो, आणि उथळात दगडावर आपटतो. फार वर असला तर पृष्ठभागावरची हवा ओढतो. फेसात पंखा भरारा फिरतो आणि होडी जागची हलत नाही. त्यातच मोटर थंड ठेवणारे पाणी ज्या भोकांतून आत जाते ती उघडी पडली, तर यंत्र तापून जाते.

येथे जॅकची ती जोडपट्टी उपयोगी पडते. एक पट्टी होडीला, दुसरी मोटरीला, मध्ये हायड्रोलिक नळकांडे. सुकाण्याजवळचे बटण दाबले की मोटर सरळ वर किंवा सरळ खाली. मोटर तिरपी करणे वेगळे. तिने पंख्याचा रोख बदलतो, हिने केवळ उंची. नेहमीचा ठोकताळा असा की, पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत धरून आरंभ करावा. सुटताना मोटर खाली ठेवावी, म्हणजे पकड मिळते. वेग येऊन होडी पाण्यावर उचलली गेली की थोडी थोडी वर घ्यावी. तबकडीवरचा थंड पाण्याचा दाब पडू लागला, किंवा वळणावर पंखा सुटू लागला, की थांबावे आणि किंचित खाली यावे.

आमच्या शेतकऱ्याला हे ऐकून नवल वाटणार नाही. नांगराचा फाळ किती खोल जावा, हे तो रुमण्यावरच्या दाबाने ठरवीत आला. जमीन कठीण लागली की हात आपसूक सैल होतो. हॅरी फर्ग्युसनने हीच समज ट्रॅक्टरच्या हायड्रोलिकमध्ये घातली, आणि 1939 पासून फोर्डच्या कारखान्यातून ती शेताशेतांत गेली. पंखा म्हणजे तरी पाण्यातला फाळच!

आमचा मुलूख कोरडा म्हणून हा विषय परका समजण्याचे कारण नाही. पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर, पैनगंगेवर इसापूर, ही धरणे झाली आणि सागर आमच्या दारी आला. जलाशयाची पातळी पावसाळ्यात एक आणि वैशाखात दुसरी. पुराच्या वेळी तर बचावाची होडी शेतावरून जाते; खाली बांध, काटेरी तार, उभे पीक. जाताना होडी रिकामी असते, येताना माणसांनी भरलेली. तेथे चार बोटे उंचीचा फरक म्हणजे पंखा शाबूत राहणे किंवा भर धारेत मोटर बंद पडणे.

यंत्रांचा इतिहास लिहिणारे वेगाचे आणि बळाचे आकडे मांडतात. मला वाटते, त्याहून मोलाची गोष्ट जमवून घेण्याची आहे. बळ मुंबईच्या बोटीला 1830 सालीही होते. नव्हती ती ओझ्याबरोबर आपली जागा बदलण्याची सोय. वल्हे मारणाऱ्या मनगटाकडे जे शहाणपण उपजत होते, ते यंत्राला शिकवायला माणसाला शंभराहून अधिक वर्षे लागली.