बशीतली बुरशी आणि २५ पौंड

पेनिसिलीनची गोष्ट आपण वर्गात बहुधा अशी सांगतो : १९२८ साली लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या काचेच्या बशीत बुरशी उगवली, तिच्याभोवतीचे जिवाणू नष्ट झाले आणि जगाला औषध मिळाले. यातला शेवटचा भाग मात्र खरा नाही. फ्लेमिंग यांनी १९२९ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला, पण बुरशीच्या रसातील तो अस्थिर पदार्थ शुद्ध स्वरूपात वेगळा करता आला नाही. पुढची दहा वर्षे पेनिसिलीन जवळजवळ कागदावरच राहिले.

१९३९ साली ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी आणि अर्न्स्ट चेन यांनी हे काम हाती घेतले. महायुद्ध नुकतेच सुरू झाले होते. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेकडून सुरुवातीला मिळाले फक्त २५ पौंड! मग फ्लोरींनी अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठानकडे अर्ज केला. औषध सापडेल अशी हमी त्यात नव्हती. भर होता तो सूक्ष्मजीव एकमेकांची वाढ कशी रोखतात याच्या रासायनिक अभ्यासावर. तरीही पाच वर्षांसाठी दरसाल सुमारे ५,००० डॉलर मंजूर झाले.

काम काटकसरीचेच होते. नॉर्मन हीटली यांनी बुरशी वाढवण्यासाठी रुग्णालयातले बेडपॅनसुद्धा वापरले. २५ मे १९४० रोजी आठ उंदरांना घातक जिवाणू टोचले आणि त्यांपैकी चौघांना पेनिसिलीन दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच चार जिवंत होते.

फेब्रुवारी १९४१ मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायाला ते देण्यात आले. जंतुसंसर्गाने मरणपंथाला लागलेला हा माणूस चार-पाच दिवसांत सुधारू लागला. पण साठा संपला. त्याच्या लघवीतून पेनिसिलीन काढून पुन्हा टोचले, तेही पुरले नाही. मार्चमध्ये तो दगावला. औषध ठाऊक होते. पुरेसे नव्हते, एवढेच.

त्याच वर्षी फ्लोरी आणि हीटली अमेरिकेला गेले. पिओरिया येथील सरकारी प्रयोगशाळेत मक्यापासून स्टार्च काढताना उरणाऱ्या द्रवात बुरशी वाढवल्यावर उत्पादन अनेक पटींनी वाढले. सरकार आणि औषध कंपन्यांनी पैसा ओतला. १९४४ पर्यंत सैन्याला पुरेल इतके पेनिसिलीन तयार होऊ लागले. १९४५ चे नोबेल पारितोषिक फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन या तिघांना मिळाले. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली उभा राहिला, तोही जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने.

शोध आणि उपचार यांच्यामध्ये असे मोठे अंतर असते. ते चालून जाण्यासाठी पैसा लागतो, आणि तो फळाची खात्री नसतानाच द्यावा लागतो. पेनिसिलीनचा धडा शिकवताना बशीबरोबर बेडपॅनचीही गोष्ट सांगावी. आणि विद्यार्थ्यांना विचारावे, हे काम २५ पौंडांवरच थांबले असते तर?