पवनाकाठच्या उपासना

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांची धुराडी उभी राहण्यापूर्वी कित्येक शतके देहूरोडनजीकच्या घोरावडेश्वराच्या डोंगरात बौद्ध भिक्षूंसाठी लेणी कोरली गेली. तेथील एका शिलालेखात धेनुकाकटच्या एका शेतकऱ्याच्या पत्नीने पुत्रासह लेणे दान केल्याची नोंद आहे, आणि राजेरजवाड्यांच्या सनदांहून मला ती अधिक मोलाची वाटते. सृष्टीचा कर्ता ईश्वर न मानता तृष्णेच्या निरोधात दुःखमुक्ती पाहणारा तो धर्म कालांतराने येथून लुप्त झाला आणि चैत्यगृहात शिवलिंगाची पूजा सुरू झाली; पुढे २५ डिसेंबर १९५४ रोजी, नागपूरच्या धर्मदीक्षेच्याही आधी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली ती देहूरोडलाच.

चिंचवडास मोरया गोसावींच्या परंपरेत गणपती हा केवळ विघ्नहर्ता नव्हे, तर साक्षात परब्रह्म. त्यांच्या वंशजांत पिढ्यान्‌पिढ्या देवाचा अंश वसतो ही श्रद्धा इतकी दृढ होती, की १८०० साली येथे आलेल्या कॅप्टन एडवर्ड मूरने या वंशपरंपरागत 'जिवंत दैवता'वर स्वतंत्र निबंधच लिहिला. कंपनी सरकारच्या फौजेतील अंमलदारास याचे अप्रूप वाटावे, हे स्वाभाविकच होते; चिंचवडकरांना मात्र देवांच्या वाड्यावरची पंगत नित्याची होती.

फाळणीनंतर पिंपरीच्या निर्वासित छावणीत उतरलेल्या सिंधी कुटुंबांनी जलदेवता झुलेलालाची भक्ती बरोबर आणली, आणि निराकार एकेश्वराचा उपदेश करणाऱ्या गुरू नानकांवरील निष्ठाही. एकाच घरात हे दोन्ही नांदताना त्यांना कधी विसंगती जाणवली नाही.