‘बहाद्दर’ : एका तुर्की नांवाची कुळकथा

तुर्कस्तानांत मुलाचें नांव ‘बहादिर’ असें ठेवण्याची चाल आहे. अर्थ विचारावा तर शूर, पराक्रमी. आमच्या वाचकांस यांत परकें असें कांहींच वाटणार नाहीं. कारण तोच आपला ‘बहाद्दर’. छत्रपती संभाजीनगरलगतच्या वाळूजहून अहिल्यानगरावरून पुढें भीमाकांठीं पेडगांवास जावें, तों तेथील किल्ल्याचें नांवच बहादूरगड. दक्षिणेचा मोगल सुभेदार बहादूरखान कोकलताश याच्यावरून तें पडलें. आणि १६८९ सालीं कैद केलेल्या संभाजी महाराजांस याच किल्ल्यांत आणिलें.

मूळ रूप ‘बगातुर’. तें आधीं तुर्कांचें कीं मंगोलांचें, याविषयीं पंडितांत एकमत नाहीं. घोडेस्वारांबरोबर तें चहूंकडे पसरलें. रशियन दंतकथांतील वीर तो ‘बोगातिर’. मंगोलियाची राजधानी ‘उलानबातर’, म्हणजे लाल वीर. फारशींत मधला गकार मवाळ होऊन ‘बहादुर’ झाला, आणि फारशीच्या द्वारें तो हिंदुस्थानांत आला, तो नांव म्हणून तसाच पदवी म्हणूनही.

शत्रूच्या दरबारची ही पदवी मराठ्यांनीं कां घ्यावी? शिवछत्रपतींनीं तर राज्यव्यवहारकोश करवून फारशी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द योजविले होते. परंतु तुळापुरच्या छावणींत शिरून औरंगजेबाच्या डेऱ्याचे सोन्याचे कळस कापून आणिल्याची जी हकीकत प्रसिद्ध आहे, तिच्यांतील विठोजी चव्हाणास राजाराम महाराजांनीं ‘हिंमतबहाद्दर’ हाच किताब दिला. कळस बादशहाचे आणि किताबही बादशाही भाषेंतला; दोन्ही एकाच लुटींत आले, अशी आमची समजूत आहे.

पुढें पदवीचें पुन्हां नांव झालें. बाजीराव-मस्तानीचा पुत्र समशेर बहाद्दर. त्याचा पुत्र अली बहाद्दर. नारोशंकराच्या घराण्यांत तर ‘राजेबहाद्दर’ हें आडनांवच होऊन बसलें. मधला दकार दुप्पट करण्याचें काम मात्र खास मराठी जिभेचें.

भाषाशुद्धीचे कैवारी असलेले आमचे कांहीं स्नेही म्हणतात, ‘बहाद्दर’ काढून ‘वीर’ घाला. वीर कोणास नको आहे? पण १७६१ सालीं पानिपतावर जखमी होऊन जो प्राणास मुकला, त्या समशेर बहाद्दरास मग कोणत्या नांवानें हांक मारावयाची? ‘समशेर’ फारशी, ‘बहाद्दर’ तुर्की, आणि रक्त सांडलें तें मराठ्यांच्या फौजेंत. कुस्तीच्या फडांत ‘शाब्बास, बहाद्दर!’ म्हणून ओरडणाऱ्या खेडुतासही हें सांगावें लागेल. आणि त्याचा ‘शाब्बास’ तर फारशी ‘शाद बाश’, म्हणजे आनंदी राहा, यांतून आलेला.