वेबसाइटचे रंग: अक्षर डोळ्यांना सोपे कसे जाईल?

आपल्या समाजाची वेबसाइट म्हटली की हिरवा रंग आलाच. मीही रमजानचे टाइमटेबल बनवले तेव्हा गडद हिरव्यावर लाल अक्षरांत सहरी-इफ्तारच्या वेळा टाकल्या. दिसायला झकास! पण अब्बांनी मोबाइल हात लांब करून धरला आणि विचारले, "सहा एकोणचाळीस की सहा एकोणतीस?" रोजा सोडण्याची वेळ, दहा मिनिटांचा फरक.

चूक कुठे झाली? लाल आणि हिरवा हे रंग वेगळे, पण त्यांचा उजेड जवळपास सारखाच. अक्षर उठून दिसते ते उजेडातल्या फरकामुळे. हा फरक मोजता येतो. पांढऱ्यावर काळे म्हणजे २१ः१. वेबसाइटसाठी जगभर पाळल्या जाणाऱ्या नियमांत साध्या मजकुराला किमान ४.५ः१ आणि मोठ्या अक्षरांना ३ः१ सांगितले आहे. माझे टाइमटेबल जेमतेम १.३ः१ भरले. शिवाय काहींना जन्मतःच लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. म्हणून "बंद", "रद्द" या गोष्टी नुसत्या लाल रंगाने दाखवू नयेत, तसे शब्दांत लिहावे.

पनवेल स्टेशनची पिवळ्यावर काळी पाटी आठवा. फरक मोठा, लांबून वाचता येते. पण पाटी क्षणभर वाचायची असते, बातमी पाच-दहा मिनिटे. त्यासाठी भडक पिवळा नको. साय असते तसा पांढरट रंग आणि त्यावर काळपट अक्षर बरे. फिकट राखाडी अक्षरांची फॅशन आहे, ती मला अजिबात पटत नाही. मराठीत अनुस्वार, रफार बारीक असतात. उर्दूत तर बे, पे, ते यांत फरक फक्त नुक्त्यांचा. नुक्ता पुसट झाला की शब्दच बदलतो. म्हणून मजकुरामागे मस्जिदीचा फोटो किंवा वेलबुट्टीही नको.

रात्री तरावीहनंतर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे अनेकांना आवडतात. पण डोळ्यांना सिलिंडर नंबर असलेल्यांना ती पसरट दिसू शकतात. दोन्ही सोयी ठेवा, वाचणारा निवडेल.

रंगांचा हा फरक मोजणारी साधने इंटरनेटवर फुकट मिळतात. तरी पान एकदा भर उन्हात, ब्राइटनेस कमी करून, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हातात द्याच.

हिरवा सोडायची गरज नाही. वरच्या पट्टीला गडद हिरवा आणि त्यावर पांढरे नाव, हा फरक सहज ७ः१ येतो. यंदाचे टाइमटेबल मी तसेच केले, वेळा मात्र खाली काळ्या अक्षरांत.