मनोऱ्यावरचा पांढरा ढग

१/५
औष्णिक वीजकेंद्रातील कमरेत बारीक, अवाढव्य मनोऱ्यांतून निघणारा पांढरा लोट अनेकांना धूर वाटतो. धूर शेजारच्या उंच चिमणीतून जातो. मनोऱ्यातून जाते ते पाणी. या धाग्यात त्या पाण्याचा इतिहास.

२/५
न्यूकोमेनच्या इंजिनात वाफ सिलिंडरातच थंड केली जाई आणि तो पुन्हा तापवण्यात इंधन वाया जाई. १७६५ मध्ये जेम्स वॉटला वाफेसाठी स्वतंत्र कंडेन्सरची कल्पना सुचली. आजही टर्बाइनमधून सुटलेली वाफ कंडेन्सरमध्येच पाणी होऊन बॉयलरकडे परतते.

३/५
त्या वाफेची उष्णता शोषणारे पाणी मात्र निराळे. ते कंडेन्सरच्या नळ्यांतून वाहते. मोठी नदी वा समुद्र जवळ असल्यास ते तेथून घेऊन तेथेच सोडता येते. इतरत्र तेच पाणी निववून पुन्हा वापरणे भाग पडते.

४/५
त्यासाठी १९१८ मध्ये नेदरलँड्समधील हेर्लेनजवळ, एमा कोळसा खाणीवर, फ्रेडरिक व्हान इटरसन यांच्या रचनेचा काँक्रीटचा मनोरा उभा राहिला. कवच पातळ, पण वक्रतेमुळे भक्कम. आत गरम पाण्याचे थेंब पडतात. तापलेली दमट हवा वर चढते आणि खालून थंड हवा आपोआप ओढली जाते. पंखा लागत नाही.

५/५
तत्त्व आपल्या माठाचेच: थोडे पाणी वाफ होऊन उडते, म्हणून उरलेले निवते. उडालेल्याची भरपाई मात्र रोज करावी लागते. २०१३ च्या दुष्काळात परळीचे वीजकेंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. मनोऱ्याने पाण्याची गरज घटवली, संपवली नाही.